एकतीस विभाजकांची बेरीज

चष्मेवाली : एकतीस.

मास्तर : काय एकतीस?

चष्मेवाली : तुमचे विभाजक. तुम्ही स्वतः सोडून. मोजले मी.

मास्तर : कधी?

चष्मेवाली : तुम्ही आणि तुमची ती कॉलेजातली मैत्रीण गॅलरीत खिदळत होतात तेव्हा. इथेच, ओट्याला टेकून, दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर. ती बशी नीट पुसा, ओलीच ठेवलीत.

मास्तर : त्र्याण्णव लाख त्रेसष्ट हजार पाचशे चौऱ्याऐंशीचे सगळे विभाजक तू काढलेस? कमाल झाली! कसे काढलेस?

चष्मेवाली : कौतुक नकोय मला. तुम्हीच शिकवलं होतं की लग्नानंतर. म्हणालात, "हा माझा आकडा, कॉलेजात सरांनी मला दिला." एकशे अठ्ठावीस गुणिले एकशे एक्याण्णव गुणिले तीनशे त्र्याऐंशी. दुसऱ्यांचे नवरे फिरायला नेऊन गाणी म्हणायचे. तुम्ही गुणाकार म्हणून दाखवलात. तो बसलाय डोक्यात.

मास्तर : मग पुढचं सोपं आहे. एक, दोन, चार, आठ...

चष्मेवाली : एकशे अठ्ठावीसपर्यंत दुपटी. मग एकशे एक्याण्णवच्या दुपटी, मग तीनशे त्र्याऐंशीच्या, मग त्या दोघांच्या गुणाकाराच्या. केलं सगळं. रात्रीसाठी टाकलेला भात लागला तुमचा त्यापायी.

मास्तर : म्हणून तो वास येत होता होय!

चष्मेवाली : तुम्हाला वास आला होता? आणि उठला नाहीत?

मास्तर : नाही, म्हणजे, ती तिच्या संस्थेतलं सांगत होती, मध्येच कसं उठायचं...

चष्मेवाली : बरोबर आहे. बायकोचा भात काय, रोजच लागतो. आता विचारा, बेरीज किती आली.

मास्तर : ते मला माहीत आहे.

चष्मेवाली : तुम्हाला माहीत असणारच हो. मला आज कळलं. तुमची बाई दुपारी जेवताना काय म्हणाली? "वहिनी, सर प्रत्येकाला एकेक मोठी संख्या सांभाळायला द्यायचे. आम्हा दोघांना त्यांनी मित्रजोडी दिली. याच्या विभाजकांची बेरीज केली की मी येते, आणि माझ्या विभाजकांची केली की हा येतो." आणि कशी हसली! मीही हसले. पाहुणी आहे, हसायला नको? आणि तुम्ही पाण्याचा पेला उचललात. तहान नसताना.

मास्तर : तहान होती.

चष्मेवाली : मी बेरीज केली. पहिल्यांदा आली चौऱ्याण्णव लाख सदतीस हजार पंचावन्न. जीव भांड्यात पडला माझा. म्हटलं, चला, आपल्या मनाचे खेळ. मग लक्षात आलं, एक धरायचा राहिलाय.

मास्तर : सगळे तिथेच चुकतात! एकाला कुणी विभाजक म्हणून मोजतच नाही. माझ्या वर्गात दरवर्षी अर्धी मुलं...

चष्मेवाली : अहो, मुलं गेली खड्ड्यात! एक धरला आणि शेवटी छप्पन्न आले. चौऱ्याण्णव लाख सदतीस हजार छप्पन्न. नऊ, चार, तीन, सात, शून्य, पाच, सहा. हे सात अंक मी रोज सकाळी दाबते. भिंगांची मागणी पाठवायची तर हे दाबते, विजेचं बिल भरायचं तर हे दाबते. आपल्या घरातल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड आहे तो!

मास्तर : हं.

चष्मेवाली : हं काय? एवढंच?

मास्तर : पासवर्ड लक्षात राहील असा असावा लागतो.

चष्मेवाली : मग तुमचा स्वतःचा आकडा होता. माझा होता. मला दिलेला होता की एक! तो नाही राहत लक्षात?

मास्तर : तुझा राहतो. तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस.

चष्मेवाली : झोपेतही म्हणाल. पण दाराला कुलूप मात्र तिचं. आणि सकाळी तिला तिकीट छापायचं होतं तेव्हा अंक कुणी वाचून दाखवले? मी. माझ्या तोंडाने, एकेक करून, "नऊ घ्या, चार घ्या." ती खुर्चीत बसून टाकतेय आणि मी मागे उभी! मनात काय हसली असेल ती मला.

मास्तर : ती हसली नाही.

चष्मेवाली : तुम्ही तिच्या मनात होतात वाटतं?

मास्तर : अगं, कॉलेजातली गोष्ट. सर देतील ती संख्या घ्यायची. जोडी लावली ती सरांनी, मी नाही.

चष्मेवाली : जोडी सरांनी लावली. पासवर्ड सरांनी लावला का?

मास्तर : नाही.

चष्मेवाली : आवडायची ती तुम्हाला?

मास्तर : तो शब्द जरा ढोबळ आहे.

चष्मेवाली : मग बारीक शब्द सांगा. मी थांबते. पातेलं घासून होईपर्यंत सांगा.

मास्तर : आवडायची.

चष्मेवाली : तिला माहीत होतं?

मास्तर : मी कधी बोललो नाही. मला वाटलं, संख्याच असल्या मिळाल्यात की वेगळं काय बोलायचं? तिला समजलं असेल, असं धरून चाललो. मग ती शिकायला लांब गेली. तिकडेच तिचं सगळं झालं. संपलं ते.

चष्मेवाली : संपलेलं रोज सकाळी मी दाबते.

मास्तर : सवय गं ती. अर्थ उरत नाही सवयीला.

चष्मेवाली : मला हेवा वाटतो तिचा. सरळ सांगते, आडून बोलत नाही. ती तुम्हाला अरे-तुरे करते त्याचा नाही. हुशार आहे, चार देश फिरलीय, त्याचाही नाही. तिच्याशी बोलताना तुम्ही खुर्चीत पुढे सरकून बसता. माझ्याशी बोलताना टेकून बसता.

मास्तर : टेकून बसणं ही काय वाईट गोष्ट आहे?

चष्मेवाली : दुपारपर्यंत नव्हती वाटत.

मास्तर : हे बघ, तू शास्त्र समजून घे, मग राग कर. त्या दोन संख्यांत विशेष काही नाही. माझी विपुल आहे, म्हणजे विभाजकांची बेरीज त्या संख्येपेक्षा जास्त भरते. तिची न्यून, म्हणजे कमी भरते. एकीचं सांडतं ते दुसरीत पडतं, इतकंच. असल्या मित्रजोड्या आजवर कोट्यवधी सापडल्यात. आणि तुला दिली ती परिपूर्ण संख्या! विभाजकांची बेरीज ना जास्त, ना कमी, बरोब्बर तितकीच. सहा बघ, एक, दोन, तीन, झाले सहा. अशा संख्या अख्ख्या जगाला मिळून पन्नासएक सापडल्यात. त्यातली पाचवी तुझी. सगळ्यांत वरचा वर्ग तुला दिला मी.

चष्मेवाली : तेच सांगायचंय मला. त्याचाच राग आलाय.

मास्तर : परिपूर्ण म्हटल्याचा राग?

चष्मेवाली : तुमची बेरीज तिच्या दारात जाऊन थांबते. तिची तुमच्या दारात. माझी कुठे जाते?

मास्तर : तुझ्याकडेच येते.

चष्मेवाली : मग मी तुमची कोण? सांगा ना. माझ्या त्या एवढ्या मोठ्या आकड्यात तुम्ही कुठे आहात? मी आपली माझ्यात फिरते, मला कुणाची गरज नाही, मला कुणी लागत नाही. छान सन्मान केलात. इतकी वर्षं मी मिरवत होते. माझ्या बहिणींना सांगत होते, आमच्या यांनी मला परिपूर्ण म्हटलंय!

मास्तर : तो तसा अर्थ नाही गं त्याचा.

चष्मेवाली : अर्थ तुम्ही काढलात तो सांगते. माझं पित्ताशय काढलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?

मास्तर : मी तुला दवाखान्यात सोडून...

चष्मेवाली : सोडून पेपर तपासायला गेलात. "तू खंबीर आहेस, तुला काय!" असं म्हणालात दारात. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा नवरा असा घाबरलेला होता, असा घाबरलेला, की नर्सने त्यालाच खुर्ची आणून दिली. माझ्या संमतीच्या कागदावर सही मी केली, आणि खाली नातेवाइकाच्या जागी कुणाची घ्यायची म्हणून नर्स इकडेतिकडे बघायला लागली. दुकान हलवलं तेव्हा काचेची कपाटं मी आणि हमाल. आई गेली तेव्हा तुमची परिषद. दर वेळी तेच, "तू आहेस ना, मग झालं." मला वाटायचं हा विश्वास आहे. आज बेरीज केल्यावर कळलं, हा तुमचा हिशेब होता. ही परिपूर्ण आहे, हिला वरून काही घालावं लागत नाही.

मास्तर : मला असं कधी वाटलं नाही.

चष्मेवाली : वाटत नाही, करता. आणि आता तिने बोलावलंय, चार महिने आमच्या संस्थेत ये म्हणून. गॅलरीतलं सगळं ऐकू येतं स्वयंपाकघरात, तुम्हाला सांगून ठेवते. तुम्ही काय म्हणालात तिला?

मास्तर : विचार करतो म्हणालो.

चष्मेवाली : त्याच्या आधी.

मास्तर : आधी म्हणालो, घरचा काही प्रश्न नाही.

चष्मेवाली : घरचा काही प्रश्न नाही! मी म्हणजे सुटलेलं गणित. तुमच्या धाकट्या भावाला तुम्ही मूळ संख्या म्हणता ना, एक आणि स्वतः सोडून कुणालाच दाद देत नाही म्हणून? त्याच्याकडे मात्र दर रविवारी धावता. मलाही मूळ करा. न्यून करा. तिच्यासारखी न्यून, चालेल मला. काहीतरी कमी पडू द्या माझ्यात.

मास्तर : असं वर्ग बदलता येत नाही गं. संख्या आहे ती आहे.

चष्मेवाली : संख्या आहे. मी बाई आहे.

मास्तर : ते तिथे काय पडलंय, टेबलावर?

चष्मेवाली : तिचा चष्मा. दांडी ढिली झाली होती, जेवणाआधी बसवून दिली मी. विसरून गेली. मुद्दाम विसरली असेल, परत यायला निमित्त. नंबरही वाढलाय तिचा, मेनूकार्ड असं हात लांब करून वाचत असेल. सांगितलं नाही मी. वाचू दे तशीच.

मास्तर : अगं, असं काय करतेस? टॅक्सीत बसून लक्षात आलं असेल तिच्या.

चष्मेवाली : आलीच बघा. घंटी वाजली. जा, उघडा. पुढे सरकून उघडा.

(दार उघडल्याचा आवाज. मास्तर हातातलं फडकं खांद्यावर टाकून परत येतात. मागोमाग पाहुणी.)

पाहुणी : सॉरी, सॉरी, सॉरी वहिनी! चष्मा राहिला. निम्म्या वाटेत फोन बघायला गेले तर सगळं धुकं. टॅक्सी खाली थांबवलीय. अरे वा, हा भांडी पुसतो? कॉलेजात याला स्वतःचा पेला सापडायचा नाही.

चष्मेवाली : अजूनही सापडत नाही. मी हातात देते. हा घ्या चष्मा.

पाहुणी : काय छान बसवलीत हो दांडी. आमच्याकडच्या दुकानदाराने नवाच घ्या म्हणून सांगितलं होतं.

चष्मेवाली : एक विचारू का? रागावू नका. जेवताना म्हणालात ना, सरांनी दोघांना जोडी दिली होती. यांचा आकडा मला पाठ आहे. तुमचा कोणता होता?

पाहुणी : माझा? बाई गं. थांबा हं. चौऱ्याण्णव लाख... का पंच्याण्णव? शेवटी सम होता एवढं नक्की. काय रे, कोणता होता माझा?

मास्तर : मला... आता एकदम नाही आठवत.

पाहुणी : बघा, याला नाही आठवत तर मला कुठून आठवणार! सरांचं वेड होतं ते. माझ्या हाताखालून पुढे इतक्या संख्या गेल्या वहिनी, कुणाकुणाला लक्षात ठेवायचं? सकाळपासून तर रेल्वेचा नंबर, डब्याचा नंबर, तुमच्या कॉम्प्युटरचा नंबर, डोक्याची नुसती भाजी झालीय.

चष्मेवाली : चौऱ्याण्णव लाख सदतीस हजार छप्पन्न.

पाहुणी : अय्या! हाच! हाच तो! एकशे अठ्ठावीस गुणिले कसलीतरी मोठी मूळ संख्या. तुम्हाला कसा माहीत?

चष्मेवाली : मी मघाशी काढला. यांच्या विभाजकांची बेरीज करून. तुम्ही सांगितलंत तसं.

पाहुणी : तुम्ही? हातांनी? काय रे, आणि तू जेवताना म्हणत होतास, हिला गणिताचं वावडं आहे! नशीबवान आहेस लेका. बरं, पळते. चार महिन्यांचं काय ते या आठवड्यात कळव, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागेल मला. यादीत अजून तिघं आहेत.

मास्तर : कळवतो.

चष्मेवाली : आणि ऐका. नंबर वाढलाय तुमचा, जवळचा. डोळे तपासून घ्या गेल्या गेल्या. मी मघाशीच सांगायला हवं होतं.

पाहुणी : वाटतच होतं मला! बघा, घरात कुणी सांगत नाही हे. येते हं वहिनी. येते रे.

चष्मेवाली : सावकाश. जिन्यातला दिवा गेलाय.

(पाहुणी जाते. मास्तर उघड्या दाराशी उभे.)

चष्मेवाली : गेली. दार लावा. आणि ते फडकं खांद्यावरून काढा, ओलं आहे, शर्ट भिजला.

मास्तर : तिने सकाळीच टाकला होता ना तो?

चष्मेवाली : हो. सातही अंक.

मास्तर : आणि ओळखला नाही.

चष्मेवाली : नाही ओळखला. मी मागे उभी राहून उगाच जळत होते. म्हणजे नंतर जळले. बसा इथे. पाणी देऊ?

मास्तर : तहान नाही.

चष्मेवाली : आता खरं बोललात. मला बरं वाटलं, ती विसरली त्याचं. खोटं कशाला बोलू? आतून एकदम गार वाटलं. आणि मग तुमचं तोंड बघितलं आणि इतका संताप आला तिचा! या माणसाने जपून ठेवलंय, आणि ही म्हणते कुणाकुणाला लक्षात ठेवायचं.

मास्तर : तू तिला सांगितलं नाहीस. कॉम्प्युटरचं.

चष्मेवाली : कशाला? ती टॅक्सीत हसली असती. तुम्हाला मी हसेन. परक्यांनी नाही हसायचं.

मास्तर : मी बदलतो तो पासवर्ड. आत्ताच. काय ठेवू? तुझा ठेवू?

चष्मेवाली : नको. तिची जागा रिकामी झाली म्हणून मला बसवू नका तिथे. दुसरं काहीही ठेवा.

मास्तर : मी तुला तो आकडा का दिला, सांगू? वर्ग वरचा म्हणून दिला हे खरं आहे. पण तेवढंच नाही. तुला पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी असा होतो, काहीही बेरीज करा, दुसरीकडेच जाऊन पडायची. तू दुकानात बसली होतीस, एका म्हातारबाबांच्या नाकावर चष्मा ठेवून बघत होतीस, आणि जगात दुसरं काही नाही असं बघत होतीस. मला वाटलं, ही बाई जिथे आहे तिथेच आहे. मला तसं व्हायचं होतं.

चष्मेवाली : हे तेव्हा का नाही बोललात?

मास्तर : आकडा दिला की.

चष्मेवाली : तिलाही बोलला नाहीत, मलाही नाही. आकडे देऊन मोकळे! तिला समजलं नाही, मला उलटं समजलं. काय उपयोग झाला हो तुमच्या गणिताचा?

मास्तर : काही झाला नाही.

चष्मेवाली : जाणार आहात का तुम्ही चार महिने?

मास्तर : तू म्हणशील तसं.

चष्मेवाली : माझ्यावर टाकू नका. मी "जा" म्हणेन, मला सवय आहे. तोंडातून निघूनच जातं ते.

मास्तर : मग नको म्हण एकदा.

चष्मेवाली : नका जाऊ.

मास्तर : बरं.

चष्मेवाली : लगेच बरं? पस्तावाल.

मास्तर : पस्तावेन थोडा. दोन दिवस घुश्शात राहीन. सांभाळून घे.

चष्मेवाली : घेईन. मीही अजून घुश्शातच आहे, तेवढं एक लक्षात असू द्या. उगाच लाडात येऊ नका.

मास्तर : नाही येत. गुरुवारी तुझी सोनोग्राफी आहे ना? किती वाजता?

चष्मेवाली : राहू दे. मी जाते माझी माझी, दुकानावरून जवळ आहे...

मास्तर : किती वाजता?

चष्मेवाली : साडेदहा. पण तासभर बसवून ठेवतात, आणि खुर्च्या लोखंडी आहेत तिथल्या. बसवत नाही. मी घरून उशी नेते.

मास्तर : मोठ्या पिशवीत घालून ठेवतो. एकच ना?

चष्मेवाली : दोन घाला.